समोर बघणारा म्हातारा

गाडी गोल चक्करात शिरली तेव्हा म्हातारा समोर बघत नव्हता. उजवीकडेही बघत नव्हता. तो टीव्हीत बघत होता. उजव्या अंगाने पाण्याचा टँकर आला. मला आधी हॉर्न ऐकू आला, मग समोरची काच एकदम पांढरी झाली, आणि त्यानंतर बराच वेळ कळेना की आपण पुढे चाललोय, मागे चाललोय की थांबलोय. माझ्या हातात त्याच्या बायकोचा हात होता. तो ऊन होता. तेवढं मात्र मला पक्कं आठवतं, बाकी सगळं उलटंसुलटं झालं आहे.

म्हातारा म्हणजे चंडीगडचा आमचा घरमालक. तोंडावर आम्ही सगळे त्याला सरजी म्हणायचो आणि माघारी म्हातारा. इथेही म्हाताराच लिहिते, गेलेल्या माणसाला उगाच वेगळं नाव कशाला. माझा मुलगा तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात प्रयोगशाळेत नोकरीला लागला, सूनबाई शाळेत शिकवायला लागली, आणि नात सांभाळायला मला साताऱ्याहून बोलावून घेतलं. आम्ही वरच्या मजल्यावर, म्हातारा आणि त्याची बायको खाली. मधे लॉन, लॉनमधे एक पेरूचं झाड.

म्हातारा लायसनच्या कचेरीत होता. गाडी शिकलेल्या लोकांची परीक्षा घ्यायची आणि पास-नापास करायचं, हे त्याचं काम. त्या सुमाराला बाजारात नव्या नव्या गाड्या यायला लागल्या होत्या, शेजारीपाजारी ज्याच्या त्याच्या दारात गाडी, आणि सगळ्यांना लायसन पाहिजे. म्हाताऱ्याला भलताच भाव होता. पण त्याच्याकडून पास होणं अवघड. त्याची परीक्षा निराळीच होती. शेजारच्या सीटवर बसायचा, गाडी चालू झाली की मधेच विचारायचा, "टाइम क्या हुआ?" समोरच्याने मनगटावर नजर टाकली की संपलं. "रोको. फेल. आँख सामने रखनी थी."

माझा मुलगा त्याचा भाडेकरू, रोज सकाळी त्याला नमस्ते करणारा. त्यालाही सोडलं नाही. त्याला वेळ विचारली नाही, कारण घरातल्या माणसाला ती युक्ती ठाऊक. विचारलं, "आज मेरी पगड़ी किस रंग की है?" मुलाने बघितलं. "फेल." संध्याकाळी म्हाताऱ्याने वर सरसोंचा साग पाठवला आणि खालून ओरडला, "डॉक्टर साब, पगड़ी नीली थी! सुबह नमस्ते करते टाइम देख लेते!" मुलगा डॉक्टर नव्हता, पण हॉस्पिटलात जाणारा प्रत्येक जण त्याच्या लेखी डॉक्टर.

सूनबाई पहिल्या फटक्यात पास झाली. तिला विचारलं टाइम क्या हुआ, तर ती रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "घड़ी आपके हाथ में है सरजी, आप ही देख लो." म्हातारा महिनाभर सगळ्या सेक्टरला हे सांगत फिरत होता. तेव्हापासून घरात काही विचारायचं झालं तर तो माझ्या मुलाला वगळून सुनेला विचारायचा.

नोकरी संपली तरी परीक्षा संपली नाही. दुधाचं पातेलं घेऊन मी जिना चढत असले की हा खालून, "बहनजी, टाइम?" मी बघायचेच नाही. "मालूम नहीं," म्हणायचे आणि वर जायचे. "पास!" म्हणून ओरडायचा. माझ्या नातीला त्याने लॉनवर ताटवाट्या मांडून गोल चक्कर शिकवलं. मधे ताट, भोवती वाट्या फिरवायच्या. चक्करात शिरताना थांबायचं, उजवीकडे बघायचं, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पोरगी तेव्हा दुसरीत असेल. आमटीची वाटी चपातीच्या भोवती फिरवताना ती उजवीकडे बघायची, आणि तिचा बाप म्हणायचा, "जेव गं नीट."

त्याचं समोर बघणं नुसतं गाडीपुरतं नव्हतं. तो माणूसच तसा होता. बोलताना बायकोकडे बघायचा नाही. ती स्वयंपाकघरातून काही बोलली तर हा फाटकाकडे तोंड करून उत्तर द्यायचा. बाजारात दोघं गेली तर हा पुढे, ती मागे, हातात दोन पिशव्या घेऊन. वळून बघणं त्याला माहीतच नव्हतं. बायको मोठी बोलघेवडी. हिवाळ्यात आम्ही दोघी लॉनवर उन्हात मटार सोलत बसायचो. मी तिला बीबीजी म्हणायचे, ती मला भैणजी. माझं हिंदी मोडकं, तिचं पंजाबी भरधाव, पण कळायचं.

एकदा म्हणाली, "शादी में चार फेरे होते हैं हमारे. मर्द आगे, औरत पीछे. चारों फेरे इसने सामने देख के लिये. पीछे मैं थी कि मेरी बहन थी, इसे क्या पता!"

म्हातारा तिथेच पेपर वाचत होता. पेपरातून मान वर न करता म्हणाला, "तेरी बहन होती तो आवाज़ कम होती."

ती इतकी हसली की मांडीवरचे मटार सांडले.

मग तिला लकवा झाला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं चिखलात पाय रुतल्यासारखं. डॉक्टर म्हणाले जगली हेच पुष्कळ, आता व्यायाम करून घ्या. आठवड्यातून काही दिवस सकाळी तिला व्यायामाला हॉस्पिटलात न्यायचं ठरलं. म्हाताऱ्याने गाडीची पुढची डावी सीटच काढून टाकली. नुसती सरकवली नाही, उपटून व्हरांड्यात ठेवली. तिला मागे बसवून पाय पुढे लांब करता यावेत म्हणून. ती सीट पुढे कित्येक वर्षं व्हरांड्यात होती, पाहुणे तिच्यावर बसायचे.

खरं सांगायचं तर लकवा झाल्यावर आमचं जास्त जमलं. तिला नीट बोलता येईना, मला नीट हिंदी येईना. दोघी सारख्या झालो.

आता जो प्रकार झाला तो सांगते, कारण त्याशिवाय टीव्हीचं कळणार नाही. एके दिवशी व्यायामाहून येताना म्हातारा नेहमीसारखा समोर बघत गाडी चालवत आला. फाटकातून आत आला, इंजिन बंद केलं, दार उघडलं, तर बायको सीटवर नाही. ती घसरून खाली पायांच्या जागेत पडली होती, मान वाकडी, ओढणी, म्हणजे तिची चुन्नी, तोंडात, ओठ निळे. किती वेळ तशी होती कुणाला माहीत. तिला हाक मारता येत नव्हती आणि हा मागे बघणारा नव्हता. मी जिन्यातून धावले. आम्ही दोघांनी तिला ओढून बाहेर काढलं, चुन्नी सोडवली, पाठ चोळली, तेव्हा कुठे श्वास लागला.

त्या दिवशी त्याने कुणाला वेळ विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. पेरूच्या झाडाकडे बघत म्हणाला, "बहनजी, आप साथ चला करो. पीछे उसके पास बैठना."

मी म्हटलं, जाईन. मला काय, नात शाळेत असते त्या वेळेला.

एवढ्यावर भागलं असतं. पण म्हाताऱ्याचं माझ्यावर भागलं नाही. तो गाडी घेऊन मनीमाजऱ्याच्या मोटार मार्केटला निघाला, आणि बीबीजीच्या जागी बसून दाखवायला मलाही घेऊन गेला. तेव्हा गाडीत टीव्ही बसवायचं नवं खूळ आलं होतं. जवान पोरं स्टिअरिंगच्या बाजूला तो लावून त्यात गाणी बघत गाडी चालवायची. असल्या पोरांना म्हातारा रस्त्यात थांबवून शिव्या द्यायचा. आता स्वतःच दुकानात उभा. मला काही उमगेना. मी विचारलं, "सरजी, ये किसलिये?" त्याने दुकानदाराला एक टीव्ही काढायला लावला.

दुकानदार म्हणाला, "सरजी, पिक्चर देखने के लिए एकदम फर्स्ट क्लास पीस है."

"मुझे एक ही पिक्चर देखनी है," म्हातारा म्हणाला. मग त्याने सांगितलं काय करायचं ते. पुढे काचेखाली एक छोटा कॅमेरा बसवायचा, त्याचं तोंड मागे, मागच्या सीटच्या डाव्या कोपऱ्यावर. आणि तो जे बघेल ते टीव्हीत दिसलं पाहिजे, गाडी चालू असताना, सतत.

दुकानदाराने डोकं खाजवलं. "सरजी, कैमरा तो लोग गाड़ी के पीछे लगवाते हैं. बैक करने के लिए."

"तू लगा."

मी म्हटलं, "मैं बैठूंगी ना उसके पास. मैं देखूंगी."

"आपको नींद आ सकती है बहनजी. कैमरे को नहीं आती."

मला राग आला. मी गाडीत कधी झोपत नाही. पण गाडी त्याची, बायको त्याची.

पहिल्या दिवशी मी त्या टीव्हीत बघितलं आणि चक्रावले. बीबीजी माझ्या डावीकडे बसलेली, दार तिच्या डाव्या हाताला. टीव्हीत दार उजवीकडे. म्हणजे ती माझ्या जागेवर बसलेली दिसायची, आणि मी कुठेच नाही. मी हात हलवून बघितला. नाही. कॅमेरा नुसता तिच्यावर रोखलेला. मी तिचा हात धरून बसलेली, आणि टीव्हीत ती एकटी. मधेच दिसायचा तो नुसता माझा पंजा, तिच्या खांद्यावर चुन्नी सारखी करणारा. कुणाचाही असावा तसा. घरी येऊन मुलाला सांगितलं तर तो कॅमेऱ्याचं, आरशाचं काहीबाही समजावत बसला. मला ते तेव्हाही कळलं नाही आणि आजही नाही.

तिला मात्र तो टीव्ही आवडला. लाजच वाटावी इतका आवडला. जायच्या दिवशी सकाळपासून मला बोलवायची, डाव्या हाताने डोक्याकडे खूण करायची, केस विंचर. चांगली चुन्नी काढायला लावायची. व्यायामाला जायला जरीची चुन्नी. मी म्हटलं, "किसको दिखाना है?" ती चांगल्या बाजूच्या ओठाने हसली आणि पुढे बोट केलं. गाडीत बसली की कॅमेऱ्याकडे बघून भुवई उडवायची. आणि म्हातारा, ज्याने लग्नाच्या फेऱ्यात मागे बघितलं नाही, तो टीव्हीतल्या बाईला हात करायचा. तिच्याशी बोलायचा. "ठंड तो नहीं? शीशा ऊपर करूँ?" मागे वळून नाही हं. टीव्हीला.

मी बघत होते की त्याचे डोळे रस्त्यावर कमी आणि टीव्हीवर जास्त आहेत. सिग्नल हिरवा झाला तरी हा बघत बसायचा, मागचे हॉर्न वाजवायचे. एकदा सायकलवाला पुढे आला, मी ओरडले तेव्हा ब्रेक लागला. घरी उतरल्यावर मी सरळ म्हटलं, "सरजी, आप सामने नहीं देखते."

"आपको गाड़ी चलानी आती है?"

"नहीं."

"तो फिर?"

"गिरना तो मुझे भी आता है," मी म्हटलं. त्याने ते ऐकलं की नाही, ठाऊक नाही.

मी मुलाला खाली पाठवलं, तू बोल त्याच्याशी. मुलगा गेला आणि लगेच परत आला. "काय झालं रे?" तर म्हणाला, "मी म्हटलं टीव्ही काढून टाका, धोक्याचं आहे. तर त्याने टाइम विचारला."

"मग?"

"मी घड्याळ बघितलं."

सूनबाई हसून हसून खाली बसली. मग ती स्वतः गेली, कारण तिचं तो ऐकायचा. दारातच तिने विचारलं, "सरजी, मैं टेस्ट दे रही हूँ, और सामने टीवी लगा है. आप मुझे पास करोगे?"

म्हातारा म्हणाला, "नहीं करूँगा."

"तो?"

"बेटा, सामने देखता रहा, तो वो पीछे मर रही थी." एवढं बोलून आत गेला.

सूनबाई वर आली तेव्हा हसत नव्हती. तिने मला म्हटलं, "आई, तुम्ही जाऊ नका त्यांच्याबरोबर." मी म्हटलं, मी नाही गेले तर तिला धरणार कोण? टीव्ही धरणार आहे का? तो नुसता बघतो.

हे सगळं मी पुष्कळदा मनात उलगडून बघितलं आहे. म्हातारा चूक होता असं म्हणावं, तर तिचे निळे ओठ मी पाहिलेत. बरोबर होता म्हणावं, तर टँकर पाहिला आहे. दोन्ही एका माणसाच्या हातून झालं आणि दोन्ही वेळेला तो आपल्या मते नीटच गाडी चालवत होता. मला यातलं काही जुळवता येत नाही. शिकलेल्यांनी जुळवावं.

त्या दिवशी धुकं नव्हतं, थंडीतलं चांगलं ऊन होतं. व्यायामात तिने त्या दिवशी मेहनत घेतली होती, थकली होती. गाडीत बसली, कॅमेऱ्याकडे बघून भुवई उडवली आणि वाटेत झोपली. डोकं दाराकडे कललं, तोंड उघडं पडलं. ऊन खिडकीतून सरळ तिच्या तोंडावर. मी तिचा हात मांडीवर घेऊन बसले होते. झोपलेल्या माणसाचा हात कसा जड होतो, तसा झाला होता. घोरतही होती बारीक.

टीव्हीत मात्र भलतंच दिसत होतं. उन्हाने तिचं तोंड टीव्हीत पांढरंफटक झालं होतं. डोळे नाहीत, नाक नाही, नुसतं पांढरं आणि मधे उघड्या तोंडाचं काळं भोक. मी बघितलं आणि मलाही क्षणभर धस्स झालं, म्हणून शेजारी बघितलं. शेजारी ती होती, गुलाबी, घोरत.

म्हाताऱ्याने मागे बघितलं नाही. त्याला वळायचं माहीत नव्हतं. त्याने मलाही विचारलं नाही. मी तिथे, हाताच्या अंतरावर, तिचा हात धरून, पण मी टीव्हीत नव्हते ना.

"ओए," तो म्हणाला. "ओए भागवाने!"

भागवाने म्हणजे आपल्याकडचं अगं भाग्यवान. इतक्या वर्षांत त्याने तिला अशी हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

मी म्हटलं, "सोई है, सरजी! सोई है!" मोठ्याने म्हटलं. तो टीव्हीच्या आणखी जवळ वाकला. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हाताचं बोट टीव्हीवरच्या त्या पांढऱ्यावर, जसं काही तिच्या गालाला हात लावून बघतोय. गाडी जोरात पळायला लागली. हॉस्पिटलाकडे परत न्यायची होती का घराकडे, कोण जाणे. पुढे गोल चक्कर आलं. थांबायचं, उजवीकडे बघायचं, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. माझी सात वर्षांची नात थांबली असती.

टँकर त्याच्याच दारावर आला.

पुढचं तुकड्यातुकड्याने आठवतं. गाडी फिरली, कठड्यावर चढली. माझा खांदा निखळला, ते मला नंतर कळलं. टँकरचा ड्रायव्हर दार ओढत होता आणि रडत होता, "बाबाजी, देखा क्यों नहीं, देखा क्यों नहीं." रस्त्यावर कुणीतरी पगडी उचलून ठेवली. ती निळी होती. आणि टीव्ही चालूच होता. गाडीचं पुढचं सगळं मोडलं, तरी टीव्हीत बीबीजी दिसत होती. आता डोळे उघडे, इकडे तिकडे बघत होती. आवाजाने जागी झाली होती. तिला खरचटलंही नव्हतं.

हॉस्पिटलात तिलाही तपासणीसाठी ठेवून घेतलं, आमच्या खाटा शेजारी-शेजारी होत्या. तिला सांगितलं ते तिच्या मुलीने, लुधियान्याहून येऊन. मी तोंड भिंतीकडे करून पडले होते, मला ते ऐकायचं नव्हतं. मुलगी चहा आणायला गेली तेव्हा बीबीजीने मला हाक मारली. तिच्या त्या चिखलातल्या बोलण्यात हाक ओळखायला वेळ लागला.

"भैणजी. किधर देख रहा था वो?"

मला खोटं बोलता येत नाही, आणि या वेळेला गरजही नव्हती. मी म्हटलं, "तेरी तरफ."

तिचं तोंड हललं. चांगली बाजू वर गेली, की नुसती थरथरली. अर्धं तोंड मेलेलं असलं की माणूस हसतंय की रडतंय, समोरच्याला कळत नाही. मला कळलं नाही. मी खूप वेळ बघत राहिले, तरी नाही.

त्यानंतर ती पुष्कळ जगली. म्हाताऱ्याच्या माघारी काठी धरून चालायला लागली, व्हरांड्यात येऊन त्या उपटलेल्या सीटवर बसायची. आम्ही मटार सोलायचो, ती डाव्या हाताने.

त्या गाडीत आम्ही तिघं होतो. मागे बसलेल्या आम्ही दोघी वाचलो.